संशय नको, मोजमाप हवे

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त करामा, दुबई येथे भरलेल्या मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)





या व्यासपीठावरून दरवर्षी धम्म, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. मी विद्वान नाही. तारा ओढणे, जोडणे आणि त्या का चालत नाहीत याचा शोध घेणे यातच माझे आयुष्य गेले. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "घरातल्या इंटरनेटवर बोलेन." आमच्या चिटणीसांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी निराशा उमटली ती मी पाहिली आहे. परंतु बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा देशातील विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते, आणि १९४३ साली विद्युतशक्तीविषयक धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले होते. वीज कोठून येते, कोणाच्या घरी जाते आणि तिचे मोल कोण ठरवितो, हे प्रश्न त्यांनी कमी प्रतीचे मानले नाहीत. त्या आधारावर मी माझ्या विषयाला या मंचावर जागा मागतो.

करामा ही आपल्यापैकी अनेकांच्या दुबईतील संसाराची पहिली पायरी. बैठ्या बांधणीच्या जुन्या इमारती, खाली किराणा दुकान, शिंपी, डोसा-इडलीचे हॉटेल, आणि वर एकेका घरात दोन-दोन कुटुंबे. भाडे वाटून, गॅस वाटून, न्हाणीघराच्या वेळा वाटून आपण येथे राहिलो. चाळीत वाढलेल्यांना हे नवीन नव्हते. वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळीत मजल्यामजल्याला सामाईक नळ असे, आणि त्या नळावर जे जे घडे ते सारे आता राउटरवर घडते. पाणी बारीक आले की पहिला प्रश्न असतो, 'कोणी सोडून ठेवलाय?' पाणी वरूनच कमी आले आहे की वाटेत कोठे गळते आहे, हे कोणी पाहत नाही. आधी माणूस शोधला जातो. आणि तो माणूस बहुधा सर्वांत शेवटी राहावयास आलेला असतो.

मार्च २०२० मध्ये येथील शाळा घरात आल्या, हे आपणां सर्वांना आठवते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात माझी कन्या नववीत होती व तिचे वर्ग घरूनच चालत. आमच्या दोन खोल्यांच्या घरी एका खोलीत आम्ही, दुसऱ्या खोलीत एक स्नेही कुटुंब, आणि हॉलमध्ये पत्नीच्या नात्यातील एक तरुण उतरलेला. नांदेडकडचा मुलगा, नुकताच आलेला, जबल अलीच्या एका गोदामात रात्रपाळी करणारा. सकाळी सहाला येई, चहा घेई आणि हॉलमधील गादीवर झोपी जाई. झोपण्यापूर्वी आईशी दहा मिनिटे बोले. माझी मुलगी त्याला मामा म्हणे.

सकाळी साडेसात ते नऊ या वेळात मुलीचा वर्ग तुटू लागला. शिक्षिकेचा आवाज चिरफाळे, चित्र थिजे, मग सारेच नाहीसे होई. गणिताच्या एका चाचणीतून ती दोन वेळा बाहेर फेकली गेली. त्या दिवशी मी सर्वांसमक्ष त्या मुलाला विचारले, "अरे, सकाळी सकाळी काय काय उतरवून घेतोस?" मी रागावून बोललो नाही, परंतु माझ्या शब्दांत निवाडा होता. तो काही बोलला नाही. त्याने मोबाइलचे वायफाय बंद केले आणि त्या दिवसापासून आईशी तो स्वतःच्या पैशाच्या डेटावर बोलू लागला.

आठवडा गेला. वर्ग तुटतच होता. आज सांगताना लाज वाटते, पण तरीही माझा संशय गेला नव्हता. हा लपवून वायफाय वापरत असेल, असे मी मनाशी म्हणत होतो. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, मामाचं वायफाय तर बंदच आहे. मग आज का तुटलं?"

दर रविवारी आपण वंदनेत धम्माचे गुण म्हणतो, त्यात 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. अंगुत्तर निकायात केसपुत्त नगरातील कालामांना तथागतांनी केलेला जो उपदेश आहे, त्यात ऐकीव गोष्ट, परंपरा, तर्क किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावर काही खरे मानू नका, असे सांगितले आहे. मी त्या सुत्तावर बोललेलो आहे, याच मंडळात. आणि माझ्याच घरी एका मुलाविषयी मी काहीही न पाहता निकाल देऊन मोकळा झालो होतो.

तेव्हा पाहावयाचे कसे, हा प्रश्न आला. येथून पुढे थोडे यंत्राविषयी.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणून एक स्वस्त संगणक काढला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. नाव रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढ्या आकाराची एक हिरवी पट्टी, तिच्यावर प्रोसेसर, यूएसबी व पडद्याची जोडणी; हार्डडिस्कऐवजी मोबाइलमध्ये घालतो तसले मेमरी कार्ड. मूळ किंमत ३५ डॉलर. दिरहमचा दर १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला असल्याने ही रक्कम सुमारे १२८ दिरहम होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचे 'झिरो' हे भावंड अवघ्या पाच डॉलरला निघाले, आणि ते एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून अंकाबरोबर फुकटही दिले गेले. संगणक मासिकाबरोबर मोफत! आपल्या स्मरणिकेबरोबर आपण दिनदर्शिका देतो, त्यातही जाहिरातदार शोधताना दमछाक होते.

हा संगणक फारसा बलवान नाही. पण तो दिवसरात्र चालू ठेवता येतो, त्याला तीन-चार वॅट वीज पुरते, पंखा नसल्याने आवाज नाही. सतत जागे राहणे हे ज्याचे काम, त्याला एवढे पुरेसे. मी एक जुना, तारेची जोडणी असलेला नमुना घेतला. तारेची जोडणी हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा उलगडा त्यावर आहे.

मी त्याला राउटरला तारेने जोडले आणि एकच काम दिले. दर मिनिटाला दोन ठिकाणी हाक मारावयाची: एक घरातल्या राउटरला, दुसरी बाहेरच्या जगातील एका संगणकाला, आणि उत्तर किती वेळाने आले ते लिहून ठेवावयाचे. संगणकवाले या हाकेला पिंग म्हणतात. वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. एवढेच. यात कोण काय पाहतो, कोण कोणाशी बोलतो, याचा काहीही संबंध नाही.

चार दिवसांनी जो आलेख निघाला तो असा. राउटरचे उत्तर चोवीस तास एका मिलिसेकंदाच्या आसपास. बाहेरचे उत्तर एरवी पंधराच्या घरात, आणि सकाळी साडेसात वाजता एकदम नऊशेवर. नऊनंतर पुन्हा पंधरा.

या दोन ओळी नीट वाचल्या तर अर्धे आरोपी निर्दोष सुटतात. माझी पहिली शंका शेजाऱ्यांच्या वायफायवर होती. करामात खोलीत उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडली की वीस-तीस नावे सहज दिसतात, आणि जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. इतकी घरे तीन वाहिन्यांत बोलू लागली की गोंगाट होणारच. त्यात कोणाच्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात आवाज करतो. पण माझा छोटा संगणक तारेने जोडलेला होता. हवेतील गोंगाटाचा त्याला उपद्रव नाही, तरीही त्याला सकाळी उशीर दिसत होता. म्हणजे शेजारी निर्दोष. राउटर तत्परतेने उत्तर देत होता, म्हणजे तोही सुटला. आता उरली बाहेरची तार, किंवा त्या तारेच्या तोंडाशी लागलेली रांग. कंपनीला दूरध्वनी केला. त्यांनी तपासून तार ठीक असल्याचे सांगितले.

रांगेविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण जोडणी घेताना एकच आकडा पाहतो, तो माल खाली उतरविण्याचा. घरातून वर पाठविण्याचा वेग पुष्कळ योजनांत त्या मानाने तोकडा असतो. नळावर एकाच वेळी दोन पिंपे लावावीत आणि मागे तांब्याभर पाणी हवे असणारी बाई उभी असावी, तशी अवस्था. तिला हवे ते तांब्याभरच, पण पिंपे भरेपर्यंत तिची पाळी येत नाही. वर्गातील मुलाचा आवाज हा तो तांब्या. घरातील कोणीतरी वरच्या दिशेने मोठे पिंप लावले होते, आणि त्या रांगेत मुलीचे 'प्रेझेंट मॅडम' अडकत होते.

पिंप कोणाचे? त्यासाठी मी त्या संगणकाला दुसरे काम दिले. आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो, पण यंत्रांना आकड्यांचे पत्ते लागतात. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही पद्धत आखली; घरातील प्रत्येक उपकरण बाहेर पडण्यापूर्वी तिला पत्ता विचारते. ही पत्ते सांगण्याची जागा आपल्या छोट्या संगणकाकडे देता येते. त्यासाठी पाय-होल नावाची मोफत प्रणाली आहे. जाहिराती पाठविणाऱ्या जागांचे पत्ते ती सांगतच नाही, त्यामुळे पानांवरील जाहिराती घटतात. बहुतेक लोक तेवढ्यासाठीच ती बसवितात. पण त्याबरोबर कोणते उपकरण किती वेळा पत्ता विचारते याचीही नोंद तिच्याजवळ होते.

पहिल्याच दिवशी यादीत एक अनोळखी उपकरण दिसले आणि माझा संशय पुन्हा उसळला. कोणी शेजारी आपला पासवर्ड मिळवून बसला! दोन तास मी त्या विचारात घालविले. ते पत्नीच्या आयफोनचे नवे रूप निघाले. त्याच महिन्यात आलेल्या आयओएस १४ पासून हे फोन प्रत्येक वायफायला आपला खरा यंत्रक्रमांक न देता एक बनावट क्रमांक देतात, आणि तो खासगीपणाच्या रक्षणासाठीच आहे. अनोळखी दिसणारा चोर असतोच असे नाही, हे मला एकाच महिन्यात दुसऱ्यांदा शिकावे लागले.

यादीच्या अगदी वर मात्र जे उपकरण होते ते दिवसाला हजारो वेळा एकच पत्ता विचारीत होते. पत्ता विचारण्याची संख्या म्हणजे पाठविलेल्या मालाचे वजन नव्हे. यावरून एकदम निकाल देता येत नाही. पण कोठे पाहावे ते कळते. यंत्रक्रमांकाच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन बनविणाऱ्या कंपनीच्या असतात. त्या तपासल्या आणि मी मान वर करून भिंतीकडे पाहिले.

तो माझा कॅमेरा होता. वर्षापूर्वी दारातून एक पार्सल नाहीसे झाले, तेव्हा मी स्वस्तातला एक कॅमेरा हॉलमध्ये दाराच्या दिशेने लावला होता. पार्सलचा छडा लागला नाही आणि कॅमेऱ्याचे चित्र मी पुन्हा कधी उघडूनही पाहिले नाही. तो मात्र समोर हालचाल दिसली की चित्रण करून दूरदेशीच्या कोठल्याशा यंत्राकडे पाठवीत होता. सकाळी साडेसात ते नऊ आमच्या हॉलमध्ये सात माणसांची ये-जा चाले. दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी त्याचा प्लग काढला. नऊशेचे पंधरा झाले. पुन्हा लावला, पुन्हा चढले. असे तीन वेळा केले, कारण आता मला एकदा पाहून विश्वास ठेवावयाचा नव्हता.

संध्याकाळी मी त्या मुलाला बसवून सर्व सांगितले, आणि ज्यांच्यासमोर विचारले होते त्या सर्वांसमोर माफी मागितली. मग माझ्या लक्षात आले की कॅमेऱ्याच्या टप्प्यात त्याची गादी होती. तीन महिने तो त्याच्या नजरेखाली झोपत होता. मी म्हणालो, "अरे, निदान तेवढे तरी बोलायचेस." तो म्हणाला, "दादा, मला वाटलं तुमच्या घरचा नियम असंल."

बंधू-भगिनींनो, या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या माणसांना नजरेखाली राहण्याची सवय पिढ्यानपिढ्या लावलेली आहे. कोणत्या वाटेने जावे, कोणत्या पाणवठ्यावर उभे राहावे, यावर गावाचे लक्ष असे. तीच सवय मी माझ्या घरातील मुलाला आणखी तीन महिने लावली, आणि तीही ध्यानीमनी नसताना.

एक गोष्ट मध्येच सांगतो. या छोट्या संगणकाला घरी काहीतरी नाव हवे होते. मी म्हणालो, वेसकर म्हणू. घराच्या वेशीवर बसतो, येणारे-जाणारे पाहतो. पत्नीने तत्काळ अडविले. "माझ्या आज्याने वेशीवर उभे राहून शिळ्या भाकरी मागितल्या आहेत. ते नाव पेटीलासुद्धा द्यायचे नाही." महार वतनाची ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते, हे तिने मला ऐकविले, मला ते माहीत होते, पण नाव सुचताना आठवले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे त्याला नुसते 'पेटी' म्हणतात.

आता या पेटीची काळी बाजू. तिच्या नोंदीत उपकरणानिशी नावे येतात. कोणत्या मोबाइलने रात्री किती वाजता कोणत्या जागेचा पत्ता विचारला, हे सारे दिसते. आत काय वाचले ते दिसत नाही, पण माणूस कशाच्या शोधात आहे हे नावावरूनच कळते. प्रकरण मिटले, मुलगा पुन्हा घरच्या वायफायवर आला, आणि दोनएक महिन्यांनी एका संध्याकाळी मी सहज नोंदी चाळीत असता त्याच्या मोबाइलची नावे माझ्या डोळ्यांखालून गेली. ती मी कोणालाही सांगितलेली नाहीत, येथेही सांगणार नाही. त्याच्या घरी एक मोठे दुखणे होते आणि तो ते आमच्यापासून राखून होता, एवढे मला त्यावरून कळले. ते कळण्याचा मला अधिकार नव्हता. आता ते कळल्याचे त्याला सांगावे की नाही, हाही पेच. सांगितले तर त्याची लाज जाते, न सांगावे तर माझा चोरटेपणा उरतो. मी अखेर सांगितले. ते बोलणे आमच्या दोघांतच राहील.

त्याच रात्री मी पेटीतील सेटिंग बदलले. पाय-होलमध्ये खासगीपणाच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या आहेत. शून्यावर सर्व दिसते; एकवर संकेतस्थळांची नावे झाकली जातात; दोनवर उपकरणेही झाकली जातात; तीनवर केवळ एकूण आकडे उरतात. बसविताना शून्य निवडलेले असले तर ते तसेच राहते, आणि कोणी बदलीत नाही. आमच्या घरी तेव्हापासून तीन आहे. बिघाड शोधावयाचा असेल त्या दिवशी सर्वांना सांगून ते खाली आणतो, काम झाले की जुन्या नोंदी पुसतो आणि परत तीनवर नेतो. राउटर आणि बाहेरची तार यांचे मोजमाप मात्र अखंड चालू असते, कारण त्यात कोणाचेही आयुष्य नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे, आणि येथे राहणाऱ्या आपण ती विसरू नये. २०२१ चा ३४ क्रमांकाचा संघीय हुकूम-कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात परवानगीवाचून शिरणे, दुसऱ्याचे दळणवळण चोरून पाहणे-ऐकणे हे त्याखाली गुन्हे आहेत. स्वतःच्या राउटरची प्रकृती मोजणे निराळे आणि घरात राहणाऱ्या माणसाच्या पाळतीवर राहणे निराळे. काहीजण मला एकांतात विचारतात, "या पेटीने बंद असलेले कॉल सुरू होतात काय?" इंटरनेटवरून आवाजी कॉलची सेवा देण्यास येथे परवाना लागतो, परवानाप्राप्त ॲप उपलब्ध आहेत, ते वापरावेत. या बाबतीत माझ्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नये.

मुलांवर लक्ष ठेवावे काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. मागच्या रांगेतील हालचाल पाहता तो प्रश्न तेथेही पोहोचला आहे. माझ्या मुलीनेच मला विचारले होते, "बाबा, मी काय शोधते ते तुम्हाला दिसतं?" तेव्हा दिसत होते, आणि मी 'हो' म्हणालो. आम्ही मग एकत्र बसून ठरविले: रात्री साडेदहानंतर तिच्या टॅबला वायफाय नाही, हे राउटरवर उघडपणे लावलेले, वाईट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थळांची यादी सर्वांसाठी बंद, माझ्यासाठीही, आणि नोंदी कोणीही चोरून पाहावयाच्या नाहीत. सर्व घरांना हेच जमेल असे मी म्हणत नाही. लहान मुलांची गोष्ट वेगळी. परंतु चोरून ठेवलेली पाळत मुलांना कळतेच, आणि मग ती शेजारच्या घरी जाऊन मोबाइल उघडतात.

कॅमेऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्याचा पासवर्ड मी वर्षभर बदलला नव्हता. कारखान्यातून आला तोच होता. हे किती घातक आहे याचे उदाहरण जगाने २०१६ साली पाहिले. मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर असले कॅमेरे व राउटर हुडकीत फिरे आणि कारखानदारांचे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाही. उघडणारी उपकरणे त्याची सेना बनत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर या सेनेचा हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी स्थळे कित्येक तास ठप्प झाली. कोणाच्या तरी भिंतीवरील कॅमेरे त्यात सामील होते, आणि मालकांना त्याचा पत्ता नव्हता. रास्पबेरी पायवाल्यांनीसुद्धा सर्वांना ठाऊक असलेले आपले जुने सदस्यनाम व पासवर्ड एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकले. आता प्रथम चालू करतानाच स्वतःचे ठरवावे लागते. माझा कॅमेरा मी उतरविला. ज्यांना ठेवणे भाग आहे त्यांनी पासवर्ड बदलावा आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी जे दुसरे वायफाय असते त्यावर कॅमेरा, टीव्ही अशी उपकरणे टाकावीत. म्हणजे ती घरातल्या संगणकांपर्यंत पोहोचत नाहीत. आणि ज्या ठिकाणी माणूस झोपतो त्या दिशेला कॅमेऱ्याचे तोंड करू नये.

पेटी बसवू इच्छिणाऱ्यांसाठी माझ्या चुकांतून काही सूचना. झिरो नमुना स्वस्त आहे, पण त्याला तारेची जागा नाही. मोजमापासाठी तारेची जागा असलेलाच घ्यावा. आजचा भाव दुकानात विचारूनच घ्यावा, २०२१ नंतर दोन वर्षे चिपांच्या टंचाईमुळे तो मिळतही नव्हता. घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही हे काम करतो, वीज तेवढी अधिक खातो. बंद कपाटात, राउटरच्या डोक्यावर पेटी ठेवू नये. ८० अंशांच्या वर तापली की ती आपला वेग आपणच कमी करते आणि मग तिचे मोजमाप लबाड होते. राउटरमध्ये तिला कायमचा एक पत्ता राखून द्यावा. तो बदलला तर सारे घर वाट चुकते. पत्ते सांगण्याचे काम तिच्याकडे दिल्यावर ती बंद पडली तर घरातील सर्वांना इंटरनेट गेल्यासारखेच वाटते. आमच्याकडे एकदा इस्त्रीसाठी तिचा प्लग खेचला गेला आणि मेमरी कार्ड बिघडले. त्या दिवशी मी कामावर होतो. घरातून आलेले सात दूरध्वनी मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून एक तयार कार्ड डब्यात असते, आणि त्या प्लगवर पत्नीने स्वतःच्या हस्ताक्षरात 'काढू नये' अशी चिठ्ठी लावली आहे.

तो मुलगा आता शारजात तिघांबरोबर खोली करून राहतो. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे रात्रीचे इंटरनेट अडू लागले. त्यांनी आपसात कोणाला काही विचारण्यापूर्वी त्याने मला फोन केला: "दादा, ती पेटी द्या चार दिवस." मी दिली. परत आणून दिली तेव्हा त्याने तिच्यातील सर्व नोंदी पुसलेल्या होत्या. त्यांच्या खोलीत दोष कशाचा निघाला हे मी विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही.

ज्यांना आपल्या घरी हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी याच सभागृहात बसू. येताना ३२ जीबीचे मेमरी कार्ड आणि राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीचा फोटो आणावा. पासवर्ड मात्र फोटोत येऊ देऊ नये. तो मला दाखवू नये, कोणालाच दाखवू नये. मुलांना अवश्य आणावे, कारण ती आपल्याहून लवकर शिकतात आणि कार्ड बिघडले म्हणजे त्यांनाच बोलवावे लागते.



जयभीम! नमो बुद्धाय!